मथुरेला जाल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा



मथुरेच्या चौरासीला जंबूस्वामींचं दर्शन घेऊन आपण लगेच पुढच्या गाडीची घाई करतो. या वेळी एक सकाळ तिथल्या सरकारी संग्रहालयासाठी राखून ठेवा. सोमवार मात्र टाळा. मागच्या वेळी आम्ही नेमके सोमवारी गेलो आणि बंद दार बघून परतलो. चूक माझीच, आधी चौकशी केली नव्हती.

हे संग्रहालय १८७४ साली सुरू झालं. मथुरेतच कंकाली टीला नावाचं टेकाड आहे. १८८८ ते १८९१ या काळात तिथे मोठं उत्खनन झालं आणि जैन स्तूप, मंदिरांचे अवशेष, शेकडो मूर्ती व शिलालेख सापडले. त्यांतल्या बहुतेक वस्तू लखनौच्या राज्य संग्रहालयात आहेत. हे माहीत नसेल, तर मथुरेत शोधत बसाल.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा. कुषाण काळातल्या मूर्तींवर बैल, सिंह अशी लांछनं नसतात. खांद्यावर केस रुळत असतील तर आदिनाथ, डोक्यावर नागफणा असेल तर पार्श्वनाथ. बाकीचे तीर्थंकर ओळखायचे ते पीठावरच्या लेखातलं नाव वाचून.

मला सगळ्यांत जास्त ओढ आहे ती याच लेखांची, कारण त्यांत बायकांची नावं आहेत. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी, हे सगळं सांगून दान मात्र तिच्या स्वतःच्या नावावर. मथुरेच्या संग्रहालयात स्तूप कोरलेला एक आयागपट आहे. तो दिला वसु नावाच्या श्राविकेनं. ती लोणशोभिका या गणिकेची मुलगी. आई, बहिणी, मुलं अशा सगळ्या घरादारासह तिनं अर्हंतांच्या मंदिरात देवकुल आणि पाणपोईसुद्धा दिली. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी! ती कुणाची मुलगी हे तिनं लपवलं नाही, आणि संघानं तिचं दान नाकारलं नाही.

पुढे लखनौला जाणं जमलं तर अमोहिनीचा शिलापट बघा. त्यावर तिच्या तीन मुलांची नावं तिच्याबरोबर आहेत. तिथेच सरस्वतीची मूर्ती आहे, दुसऱ्या शतकातली, हातात पोथी असलेली. शीर राहिलेलं नाही. ती गोव नावाच्या लोहारानं दिली. श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो, तिचं इतकं जुनं रूप क्वचितच बघायला मिळतं.

आमच्या सासूबाईंनी घरखर्चातून वाचवलेल्या पैशांतून गावच्या मंदिराला पायरी दिली. पायरीवर नाव मात्र सासऱ्यांचं. ‘नाव कशाला हवं, पुण्य लागलं ना,’ असं त्या म्हणायच्या. दान नावासाठी करू नये हे खरंच. पण वसुचं नाव कोरलं नसतं, तर ती होऊन गेली हे आज आपल्याला कळलंही नसतं.

म्हणून जाताना मुलींना, सुनांना बरोबर घ्या. सकाळीच निघा, म्हणजे सूर्यास्ताआधीच्या जेवणाची ओढाताण होणार नाही. त्या आयागपटासमोर उभ्या राहा आणि लेकीला सांगा, ‘ही आपल्यातलीच एक.’

आणि घरी आल्यावर वहीत आजीचं, सासूचं नाव आणि तिनं काय दिलं ते लिहून ठेवा. मी लिहायला घेतलं आहे.