सर्व्हरवरील ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ हल्ले व संरक्षण

माहितीची चोरी न करता आणि पासवर्ड न फोडताही एखादे संकेतस्थळ बंद पाडता येते. सर्व्हरकडे एकाच वेळी इतक्या खोट्या मागण्या पाठवल्या जातात, की खऱ्या ग्राहकाला उत्तर देण्याची क्षमताच त्याच्याकडे उरत नाही. यालाच ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ हल्ला म्हणतात. असंख्य संगणकांवरून एकदम मारा झाल्यास तो ‘डीडॉस’ ठरतो. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, अ‍ॅमेझॉन व सीएनएनची संकेतस्थळे अशा हल्ल्यांनी विस्कळीत झाली. त्यामागे कॅनडातील अवघा १५ वर्षांचा मुलगा होता.

सर्व्हरवरील उपाय

दोन संगणकांची जोडणी तीन संदेशांच्या देवाणघेवाणीने पूर्ण होते. ‘सिन फ्लड’ हल्ल्यात पहिल्या संदेशांचा भडिमार होतो, तिसरा मात्र येतच नाही आणि अर्धवट जोडण्यांनी सर्व्हरची स्मृती व्यापते. यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९६ मध्ये ‘सिन कुकीज’ची युक्ती सुचवली. तीत सर्व्हर अर्धवट जोडणीची नोंद ठेवत नाही, तर उत्तरातच एक सांकेतिक खूण गुंफतो. ती खूण परत आली तरच जोडणी मान्य होते.

२००९ मधील ‘स्लोलोरिस’ची तऱ्हा उलटी होती. त्यात मागणी अत्यंत संथपणे, तुकड्यातुकड्याने पाठवून सर्व्हरला अडकवून ठेवले जाते. मागणी पूर्ण करण्यास कालमर्यादा घालणे आणि एका पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्यांची संख्या मर्यादित ठेवणे, हा त्यावरील उपाय होय.

सर्व्हरच्या पलीकडे

सर्व्हरपर्यंत येणारी वाहिनीच तुंबली, तर वरील उपाय निरुपयोगी ठरतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला. तेव्हा सारी वाहतूक अकामाई कंपनीच्या विस्तीर्ण जाळ्याकडे वळवून गाळण्यात आली आणि सेवा दहा मिनिटांच्या आत पूर्ववत झाली. म्हणूनच अशा गाळणीची व्यवस्था आणि इंटरनेट पुरवठादाराचा आपत्कालीन संपर्क आधीच निश्चित असावा.

या हल्ल्यांचे मूळ मात्र अनेकदा सामान्य घरांत असते. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कारखान्यात दिलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या साह्याने डाइन कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसारख्या सेवा अनेकांना दुरापास्त झाल्या. घरातील राउटरचा पासवर्ड बदलणे हेही म्हणूनच सर्व्हरचे संरक्षणच आहे.