विश्लेषण : झाडं तोडली की रानटर्कीची शिकार संपते का?

अमेरिकेत दर वसंत ऋतूत लाखो शिकारी पहाटेच्या अंधारात झाडाला टेकून बसतात आणि नर टर्कीच्या 'गॉबल-गॉबल' आवाजाची वाट पाहतात. पण मागच्या वर्षी जिथे दाट जंगल होतं, तिथे यंदा नुसती खोडं उरली असतील तर? टर्की कायमची गेली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात काही तोडींनंतर टर्की वाढते, तर काही तोडींनंतर ती वर्षानुवर्षं परतत नाही. हा फरक कशामुळे पडतो?

रानटर्की म्हणजे नेमका कोणता पक्षी?

रानटर्की हा मोर आणि रानकोंबड्याच्या कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा पक्षी. भारतात तो जंगलात आढळत नाही. वसंतात नर मोरासारखा पिसारा फुलवून मादीला बोलावतो. शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ आणतात. त्यामुळे वसंतातली शिकार मुख्यतः नरांची असते.

या पक्ष्याला एकाच प्रकारचं जंगल पुरत नाही. रात्री बसायला उंच झाडं, अंडी घालायला जमिनीवर आडोसा, पिल्लांना किडे मिळतील असं गवत आणि हिवाळ्यात ओक झाडाची फळं, हे सगळं जवळजवळ असावं लागतं.

लाकूडतोडीमुळे टर्की नामशेष व्हायला आली होती का?

हो, काही राज्यांत ती पूर्णपणे नाहीशी झाली. शेती आणि लाकडासाठी जंगलं साफ झाली आणि त्यातच बाजारात मांस विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची मूळ रानटर्की १८५१ मध्ये माउंट टॉम भागात मारली गेल्याची नोंद आहे.

विसाव्या शतकात अनेक ठिकाणची शेती ओस पडली आणि तिथे पुन्हा जंगल उगवलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी मिळू लागला. पाळीव वातावरणात वाढवलेले पक्षी जंगलात सोडण्याचे प्रयोग फसले. मग रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसरीकडे नेले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून आणलेल्या अवघ्या ३७ पक्ष्यांपासून नवी सुरुवात झाली. आज देशभरात ही संख्या ६० लाखांच्या आसपास आहे.

तोड झाल्यावर जंगलात काय बदलतं?

दक्षिणेकडच्या पाइनच्या लागवडीत हे सर्वात स्पष्ट दिसतं. तिथे एका पट्ट्यातली सगळी झाडं एकदम तोडून नवी रोपं लावली जातात.

पहिली दोन-तीन वर्षं जमिनीवर भरपूर ऊन पडतं. गवत आणि ब्लॅकबेरीच्या जाळ्या वाढतात, किडे येतात. मादीला घरटं करायला आणि पिल्लांना चरायला ही जागा उत्तम ठरते.

त्यानंतर रोपं वाढून एकमेकांना भिडतात. टर्की धोका ओळखण्यासाठी नजरेवर भिस्त ठेवते. गर्द झाडीत तिला काही दिसत नाही आणि खाली गवतही उरत नाही. त्यामुळे ती तिथे फिरकेनाशी होते.

साधारण पंधराव्या वर्षाच्या आसपास विरळणी होते, म्हणजे मधली काही झाडं काढली जातात. ऊन पुन्हा खाली पोहोचतं. जोडीला ठरावीक वर्षांनी नियंत्रित आग लावली तर गवत टिकतं आणि टर्की परतते.

मग कोणती तोड घातक ठरते?

*रात्रीच्या झाडांची तोड :* ओढ्याकाठची उंच झाडं गेली तर पक्षी रात्री थांबायला दुसरीकडे जातात. पहाटेची शिकार याच झाडांच्या आसपास होत असल्याने शिकाऱ्याला याचा फटका लगेच बसतो.

*जुन्या ओकची तोड :* पाइन काही वर्षांत उभा राहतो. ओकला भरपूर फळं धरायला मात्र अनेक दशकं लागतात.

*एकाच वयाचं सलग जंगल :* शेकडो एकर एकाच वेळी तोडले की ते एकाच वेळी गर्दही होतात. छोट्या तुकड्यांत, वेगवेगळ्या वर्षी तोड केली तर शेजारी नेहमी काहीतरी उपयोगाचं उरतं.

*चुकीचा मोसम :* एप्रिल ते जूनमध्ये मादी जमिनीवर साधारण २८ दिवस अंडी उबवते. पिल्लांना पहिले सुमारे दोन आठवडे उडून झाडावरही बसता येत नाही. या काळात यंत्रं फिरली तर घरटी चिरडली जातात.

शिकाऱ्यांना आणखी काय फरक पडतो?

लाकडाच्या ट्रकसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवर नर पिसारा फुलवायला येतात आणि त्याच रस्त्यांनी शिकारीही सहज आत पोहोचतात. शिकारीचा दबाव वाढतो. म्हणून काही ठिकाणी काम संपल्यावर रस्त्याला फाटक लावून वाहनं बंद केली जातात.

दक्षिणेत अनेक शिकारी खासगी जंगल भाड्याने घेतात. तिथे तोड कधी आणि किती करायची हे बहुधा जमीनमालक लाकडाचा भाव पाहून ठरवतो.

हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा का?

दक्षिणेतल्या अनेक राज्यांत टर्कीची संख्या पुन्हा घटते आहे. टेनेसीने २०२३ मध्ये वसंतातला हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला. घटीमागे पिल्लं कमी जगणं, शिकारी प्राणी, अधिवास अशी अनेक कारणं सांगितली जातात. हंगाम उशिरा सुरू करून नर वाचवता येतात. पण पिल्लं जगायला ऊन पडणारी, गवत असलेली मोकळी जागाच लागते. आणि ती जागा राहणार की नाही हे बऱ्याचदा झाडं कुठली, किती आणि कधी तोडली यावर ठरतं.