जंगलाचा हिशेब कुणाच्या वहीत?

आमच्या पेणकरपाड्यातून पूर्वेकडे पाहिलं की इमारतींच्या फटीतून डोंगराची हिरवी कड दिसते. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे 103 चौरस किलोमीटरचं. एवढी जागा नुसती झाडांना कशाला, असं घरांचे भाव ऐकून कंटाळलेली माणसं हमखास विचारतात. प्रश्न पैशाचाच आहे, तर पैशाचाच हिशेब मांडू या. जमा किती हे तर बघायचंच, पण ते कुणाच्या नावावर, हेही बघू.

हिशेबाची पहिली नोंद कान्हेरीच्या दगडावर आहे. तिथे शंभराहून जास्त लेणी, आणि पावसाचं पाणी साठवणारी टाकी जागोजाग. शिलालेखांत ह्या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. दान देणारे कल्याण, सोपारा इथले व्यापारी. एका लेखात मंगलठाण गावच्या शेताचं दान आहे. हे मंगलठाण म्हणजे आपलं बोरिवलीचं मागाठाणे. म्हणजे पायथ्याच्या शेताचं उत्पन्न डोंगरावरच्या भिक्षूंसाठी वर जात होतं.

इंग्रजांच्या काळात ओघ उलटा झाला. 1854 साली मुंबईत पाण्याची भयंकर टंचाई झाली. मग हेन्री कॉनिबेअर ह्या इंजिनिअरच्या योजनेनुसार मिठी नदीवर विहार तलाव बांधला, तो 1860 साली पुरा झाला. मुंबईला नळाचं पाणी प्रथम मिळालं ते ह्या डोंगरातलं. 1879 साली तुळशी तलाव झाला. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. वाघ-बिबट्यांच्या प्रेमाने नव्हे, मुंबईच्या तहानेपोटी! आज मुंबईच्या एकूण पाण्यात ह्या दोन तलावांचा वाटा अगदी लहान आहे. आणि गंमत अशी की जंगल आमच्या उशाशी असून मीरा-भाईंदरच्या नळाला पाणी येतं ते उल्हास नदीच्या बाजूचं.

आता खर्चाची बाजू. उद्यान व्हायच्या आधीपासून ह्या रानात वारली पाडे आहेत. 1995 साली अतिक्रमणांविरुद्ध याचिका झाली आणि 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पडल्या. पर्यायी घरासाठी पात्र ठरलेल्यांना आधी 7,000 रुपये भरायचे होते. रोजंदारीवर जगणाऱ्याने तेव्हा एवढे पैसे कुठून आणायचे? पाड्यांवरही टांगती तलवार आली. वनहक्क कायदा आला तो 2006 साली.

बिबट्याचं खातंही दुहेरी आहे. 2004 साली बिबट्यांनी बरीच माणसं मारली, तीही बहुतेक जंगलाच्या कडेला राहणारी गरीब माणसं. पण 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की इथले बिबटे वर्षाला सुमारे 1,500 भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे जवळजवळ हजार प्रकार टळतात. रेबीजच्या इंजेक्शनांचा तेवढा खर्च वाचला. ही जमा मात्र कुणी वहीत मांडत नाही.

मग जंगलाशेजारच्या माणसाला रोख काही मिळतं असं कुठे घडतं का? घडतं, चंद्रपूर जिल्ह्यात. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 साली व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीसारख्या प्रवेशद्वारांवर गावातलीच मुलं गाइड आहेत, जिप्सी चालवतात, काहींनी घरात पाहुण्यांची सोय केली आहे. व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांसाठी राज्याची जन-वन विकास योजना 2015 पासून आहे. पण तिथेही काही गावं उठवावी लागली, आणि मोहफुलं वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. गाइडचा पगार एका घरात येतो, रडणं दुसऱ्याच घरात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जंगल फायद्याचं आहे ह्यात वाद नाही, दीडशेहून जास्त वर्षं मुंबईने ते पाणी प्यायलं आहे. पण जमा शहराच्या नावे आणि खर्च पाड्याच्या नावे, अशी वही फार दिवस चालत नाही. तिकिटाच्या पैशातला पहिला वाटा, उद्यानातली पहिली नोकरी, रानभाजी विकायला पहिली जागा पाड्यावरच्या माणसाला मिळाली तर राखण आपोआप होईल. ज्याचं पोट रानावर आहे तो रान जाळत नाही.

असो. तुमच्या गावाजवळ एखादं अभयारण्य असेल तर तिथला हिशेब काय आहे ते जरूर कळवा.