मुकुटाचा रंग कोणता?

सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादे तालुक्यांत, म्हसावद म्हणून एक गांव आहे. नंदुरबार जिल्ह्यांतील या बाजूचा रस्ता पुढें धडगांवकडे डोंगरांत चढतो. होळीच्या दिवसांत या डोंगरांतले भिल्ल नर्तक डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप चढवितात, कमरेला घुंगरें आणि वाळलेले भोपळे बांधतात. टोप करणाराला रंग जुळविण्याची चिंता नसते. मोरपिसाची निळाई ही लावलेल्या रंगाची नव्हे; पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततांना ती उत्पन्न होते. जुनें पीस गळालें तर दुसरें खोवलें कीं काम झालें. नाटकांतल्या आणि चित्रपटांतल्या मुकुटाची गोष्ट निराळी. त्याचा रंग मनुष्यानें घोटून लावलेला. तसाच मुकुट पुन्हां करावा असें कोणी मनांत आणलें, तर पहिलाच प्रश्न येतो तो असा कीं, तसाच म्हणजे कोणासारखा?

प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटेल, पण तो तसा नाहीं. पाश्चात्त्य देशांत चित्रपटांतील शिरस्त्राणांच्या प्रतिकृति करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि एकेका छटेवरून त्यांच्यांत कडाक्याचे वाद होतात. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटांतील डार्थ व्हेडर या खलपुरुषाचें शिरस्त्राण पडद्यावर एकजात काळें भासतें. प्रत्यक्षांत त्यावर काळ्याच्या जोडीला पोलादी करड्या रंगाचे भाग होते. चेहऱ्याचे उंचसखल भाग दिव्यांत उठून दिसावेत म्हणून ही योजना. प्रेक्षकानें पाहिला तो काळा खरा, कीं रंगाऱ्यानें लावला तो करडा खरा?

महाराष्ट्रांत हा पेंच त्याच्या अर्धशतकाहूनहि अधिक आधींचा आहे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, त्या काळची फिल्म माणसाच्या डोळ्यानें पाहत नसे. निळ्या-जांभळ्या प्रकाशाला ती फार हळवी, तांबड्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळें आकाशी रंग पडद्यावर पांढरट उमटे आणि हिंगुळी काळाकुट्ट. तांबड्या मखमलीचा मुकुट काळा होई. घननीळ म्हणून ज्याचें वर्णन करावें त्या श्रीकृष्णाला खरोखरच निळा रंग फासला तर तो गोरापान दिसण्याची भीति! सर्व रंग ओळखणारी फिल्म सर्रास प्रचारांत येण्यास १९२० नंतरचीं बरींच वर्षें जावीं लागलीं. तोंपर्यंत रंगाऱ्याला दोन नजरा ठेवणें भाग होतें, एक स्वतःची व एक यंत्राची. डोळ्याला शोभेल तो रंग नव्हे, तर पडद्यावर करड्याच्या योग्य पायरीवर उतरेल तो रंग वापरणें, हें त्या विद्येचें मर्म होय.

असल्या कामाला चित्रकारच हवा, आणि कोल्हापुरास तो होता. बाबूराव पेंटर व त्यांचे नात्यांतले बंधु आनंदराव हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत नांवाजलेले. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. बाबूरावांनीं पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० च्या फेब्रुवारींत त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत झळकला. लोकमान्य टिळकांनीं त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पोशाखांचीं रेखाटनें ते स्वतः करीत. नाटकाच्या सामानांतले मुकुट कागदाच्या लगद्याचे, वर बेगड नि वर्ख यांनीं मढविलेले. हरताळ, हिंगूळ, गेरू, नीळ, सफेदा, काजळी हे रंग सरसांत कालवावयाचे. पैकीं हरताळ उजेडांत फिकटते, हिंगूळ काळवंडतो, वरचें रोगण पिवळें पडतें. म्हणजे मूळ मुकुट हातीं लागला तरी तो आज आपला मूळ रंग सांगेलच असें नाहीं. रंगीत भित्तिपत्रकांवरहि विसंबतां येत नाहीं. बाबूरावांनीं १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठीं काढलेलें भित्तिपत्रक हें आज टिकून असलेल्या अगदीं जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणलें जातें. परंतु तें गर्दी खेंचण्यासाठीं केलेलें चित्र आहे, पोशाखाची नोंद नव्हे.

बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनीं सीताराम कुलकर्ण्यांच्या साह्यानें १ जून १९२९ रोजीं ‘प्रभात’ काढली. गुरूचाच विषय घेऊन १९३३ सालीं शांतारामबापूंनीं ‘सैरंध्री’ पुन्हां केला, आणि तोहि रंगीत! रंगीत प्रती काढण्यासाठीं तो जर्मनीस न्यावा लागला. त्या वेळच्या दुरंगी पद्धतींत दोन फिल्मा एकमेकींस चिकटून कॅमेऱ्यांत फिरत. पुढची निळा-हिरवा प्रकाश टिपी, मागची तांबडा. मग एकाच प्रतीच्या दोन अंगांवर नारिंगी व निळसर-हिरवा असे दोन रंग चढवीत. या दोहोंच्या मिश्रणांतून शुद्ध पिवळा निघतच नाहीं. पौराणिक चित्रपटाचा प्राण म्हणजे सोनें; राजा ओळखावा तो सोन्याच्या मुकुटावरून. नेमका तोच रंग या पद्धतीच्या आवांक्याबाहेरचा! रंग भडक व विजोड उतरले, प्रयोग फसला, आणि प्रभातनें पुढचे चित्रपट मुकाट्यानें कृष्णधवल काढले. हा पराभव कारागिरांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. फत्तेलालांसारख्या कसबी कलावंतानें मुकुट कितीहि निगुतीनें सजविला, तरी दोन रंगांत सोनें मावणार कसें?

प्रभात १९५३ सालीं बंद पडली. तिच्या पुण्याच्या आवारांत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे. जानेवारी २००३ मध्यें तेथील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून जुनीं रिळें मोठ्या संख्येनें जळालीं. त्यामुळें आज जुन्या पौराणिक पटाचा मुकुट प्रदर्शनासाठीं घडविणारा कारागीर बहुधा करड्या छायाचित्रापुढें बसलेला असतो. वाटेल ती सोनेरी डबी आणून तो मोकळा होऊं शकतो. पाहणारे तक्रार करणार नाहींत. परंतु काचेच्या कपाटांत ठेवलेली वस्तु पुरावा ठरते, आणि चुकीची छटा एका पिढींत इतिहास होऊन बसते.

जुन्या वस्तूचा एखादा तुकडा असेल, तर जेथें उजेड पोंचला नाहीं असा कोपरा तो शोधतो: बेगडीची दुमडलेली कड, खिळ्याखालची जागा, अस्तराची आंतली बाजू. तेथला रंग पाहून तो लहान लहान पट्ट्या रंगवितो, त्या पुऱ्या वाळूं देतो आणि सकाळच्या उजेडांत व दिव्याखालीं, दोन्हीकडे, मूळ तुकड्याशेजारीं धरतो. कारण निरनिराळ्या द्रव्यांनीं केलेले दोन रंग उन्हांत एकच दिसतात आणि दिव्याखालीं फटकून वेगळे होतात. नंतर त्या छायाचित्रासारखीच फिल्म मिळाली तर पट्टीचें छायाचित्र काढून करड्याची पायरी ताडून पाहतो. दोन्ही जुळलीं, तरच ब्रश मुकुटाला लागतो. आणि कोणता रंग पुराव्यानें, कोणता अदमासानें दिला, हें मुकुटाच्या आंतल्या बाजूस चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवतो.