'टायर्ड ऑफ' की 'टायर्ड फ्रॉम'? इंग्रजी विशेषणानंतरचा छोटासा शब्द आपल्याला का फसवतो?

इंटर्नशिपचा दुसरा आठवडा होता. दिवसभर उन्हात शूट करून घरी आले आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'आय ॲम टायर्ड ऑफ धिस शूट.' मला सांगायचं होतं की शूट करून दमलेय, उद्या थोडी उशिरा येते. पाच मिनिटांत सीनियरचा फोन. "काय झालं गं? काम सोडायचा विचार आहे का?"

ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं होतं की मी या शूटला कंटाळलेय, वैतागलेय. दमल्याचं सांगायचं तर 'टायर्ड फ्रॉम द शूट' किंवा 'टायर्ड आफ्टर द शूट' लिहायला हवं होतं. चूक एका इवल्याशा शब्दाची, पण निरोप भलताच गेला.

मराठीत हा घोळ झालाच नसता. कारण आपल्याकडे 'दमणं' वेगळं आणि 'कंटाळणं' वेगळं. इंग्रजी दोन्हीकडे 'टायर्ड' हा एकच शब्द वापरते आणि फरक दाखवायचं काम पुढच्या प्रिपोझिशनवर सोडून देते. (या लेखात सगळीकडे 'ऑफ' म्हणजे एका 'एफ'चा 'ऑफ'. पंख्याचं बटण बंद करतो तो दोन 'एफ'चा वेगळा.)

चूक येते कुठून?

शाळेत 'स, ला, ते' करत विभक्तीचे प्रत्यय पाठ केलेले आठवतायत? मराठीत हे प्रत्यय नामाला मागून चिकटतात. इंग्रजीत तेच काम करणारे शब्द नामाच्या आधी येतात. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय लागायचे. पुढे ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम प्रिपोझिशननी उचललं.

आता आपण काय करतो, तर मनातल्या मराठी वाक्यातला प्रत्यय उचलतो आणि त्याचं थेट इंग्रजी करतो. 'तो गणितात चांगला आहे', यातल्या 'त'चा होतो 'इन', म्हणून 'गुड इन मॅथ्स'. हवं असतं 'गुड ॲट'. 'ती माझ्यावर रागावलीय' मधल्या 'वर'चा होतो 'ऑन', म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं असतं 'अँग्री विथ मी' किंवा 'अँग्री ॲट मी'. 'त्याचं लग्न माझ्या बहिणीशी झालंय' मधल्या 'शी'चा होतो 'विथ', म्हणून 'मॅरीड विथ माय सिस्टर'. इथे हवं 'मॅरीड टू'. 'मॅरीड विथ टू किड्स' हे मात्र बरोबर आहे, पण त्याचा अर्थ 'लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत' असा होतो!

म्हणजे या चुका अडाणीपणाच्या नाहीत. त्यात मराठीचं व्याकरण अगदी बरोबर पाळलेलं असतं, फक्त ते चुकीच्या भाषेत पाळलेलं असतं. कुणाच्या पोस्टखाली स्क्रीनशॉट काढून हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

यामागे काही लॉजिक असेल असं वाटतं, पण फारसं नाही. भीतीचंच घ्या. आपण कुत्र्याला घाबरतो. हिंदीवाले 'कुत्ते से' घाबरतात, आणि हिंदीच्या नादाने आपल्यातलेही काही जण 'अफ्रेड फ्रॉम डॉग्ज' लिहितात. इंग्रजीत मात्र 'अफ्रेड ऑफ'. भीती तीच, कुत्राही तोच, पण तिन्ही भाषांनी आपापली सवय लावून घेतलीय. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाने 'मी कुत्र्याचा घाबरतो' म्हटलं, तर आपण त्याला तरी काय कारण देणार?

एकच विशेषण, दोन अर्थ

नुसती चूक झाली तर लोक समजून घेतात. खरी पंचाईत तेव्हा होते, जेव्हा वाक्य बरोबर असतं पण अर्थ दुसराच निघतो.

मैत्रिणीला नोकरी लागली आणि तुम्ही कमेंट केली, 'सो हॅपी विथ यू'. याचा अर्थ 'तुझ्या कामावर मी खूश आहे' किंवा 'तुझ्यासोबत मी सुखात आहे'. पहिला अर्थ बॉसच्या तोंडी शोभतो, दुसरा नवऱ्याच्या. तुम्हाला म्हणायचं असतं 'सो हॅपी फॉर यू', म्हणजे तुझ्या आनंदात मला आनंद आहे.

दुःखाच्या पोस्टखाली तर जास्तच जपून. 'आय फील सॉरी फॉर यू' यात कीव केल्याचा सूर येऊ शकतो. 'सॉरी फॉर युअर लॉस' हे सांत्वनाचं रूढ वाक्य आहे, ते जसंच्या तसं वापरावं.

'गुड' हा एकटा शब्द तर चार घरी नांदतो. 'गुड ॲट' म्हणजे एखाद्या कामात तरबेज, 'गुड फॉर' म्हणजे हिताचं, 'गुड टू' म्हणजे कुणाशी चांगलं वागणारा आणि 'गुड विथ' म्हणजे लहान मुलं किंवा एखादं हत्यार नीट हाताळता येणारा. ऑफिसच्या मेलमध्ये 'कन्सर्न्ड' सांभाळा. 'कन्सर्न्ड अबाउट द बजेट' म्हणजे बजेटची काळजी वाटते, 'कन्सर्न्ड विथ द बजेट' म्हणजे बजेटशी संबंधित. 'रिस्पॉन्सिबल फॉर' म्हणजे कशाची जबाबदारी तुमच्यावर आहे, आणि 'रिस्पॉन्सिबल टू' म्हणजे तुम्ही कुणाला उत्तर देणं लागता. नोकरीच्या करारात हा फरक महागात पडू शकतो.

'सीनियर दॅन' का नाही?

हे एक प्रकरण असं आहे की त्याला खरंच कारण आहे. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेत आणि तिथे ती मुळातच तुलनेची रूपं होती. 'सीनियर' म्हणजेच 'जास्त वयाचा'. तुलना शब्दातच असल्यामुळे 'दॅन' लागत नाही, 'टू' लागतो. म्हणून 'शी इज सीनियर टू मी'.

'डिफरंट'चं भांडण वेगळंच. 'फ्रॉम', 'टू' की 'दॅन'? ब्रिटनमध्ये बोलताना 'डिफरंट टू' सर्रास चालतं, अमेरिकेत 'डिफरंट दॅन'. 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे परीक्षेत आणि अर्जात तेच लिहिलेलं बरं. पण 'टू' चूकच आहे असं कुणी ठणकावलं, तर सांगा की हेन्री फाउलर यांनी 1926 सालच्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज'मध्येच हा हट्ट अंधश्रद्धा ठरवला होता. तसंच 'बोअर्ड विथ' जुनं आणि मान्य, तर 'बोअर्ड ऑफ' नवं आणि तरुणांच्या तोंडी. रीलमध्ये खुशाल वापरा, सीव्हीत नको.

मग पाठ करायचं तरी कसं?

लांबलचक याद्या माझ्या कधीच लक्षात राहिल्या नाहीत. विशेषण आणि प्रिपोझिशन मिळून एकच शब्द आहे असं समजायचं, एवढंच उपयोगी पडलं. 'इंटरेस्टेडइन', 'प्राउडऑफ', 'सिमिलरटू', असं एका दमात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ऑनलाइन डिक्शनऱ्या मोफत आहेत. तिथे विशेषण शोधलं की त्याच्यासोबत कोणतं प्रिपोझिशन येतं ते उदाहरणासकट दिसतं. दहा सेकंदांचं काम. मात्र त्याच कुळातलं नामही तोच शब्द घेईल असं धरून चालू नका. 'प्राउड ऑफ' असलं तरी 'प्राइड इन', आणि 'फाँड ऑफ' असलं तरी 'फाँडनेस फॉर'.

शेवटची अडचण, जी सीव्हीत हमखास सापडते, ती म्हणजे 'कमिटेड टू लर्न'. इथला 'टू' हा प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे 'आयएनजी' हवं, 'कमिटेड टू लर्निंग'. 'यूज्ड टू वर्किंग लेट' आणि 'ॲडिक्टेड टू स्क्रोलिंग' याच जातीचे. पण 'हॅपी टू हेल्प' आणि 'रेडी टू जॉइन' यांत साधं क्रियापद. ओळखायचं असेल तर 'टू'च्या पुढे 'धिस' लावून बघा. 'कमिटेड टू धिस' कानाला बरं वाटतं, म्हणजे 'आयएनजी' लावा. 'हॅपी टू धिस' खटकतं, म्हणजे लावू नका.