कमी बजेटचा डेस्कटॉप : कोणते पार्ट घ्यावेत, आणि कधी घ्यावेत?

एमएचटी-सीईटी, जेईई मेन यांसारख्या परीक्षा आता कॉम्प्युटरवरच होतात. टॅली, डीटीपी, डेटा एंट्री ही कामेही मोबाइलवर एका मर्यादेपलीकडे होत नाहीत. मग घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. हाताशी रक्कम मोजकी असते आणि चूक झाली तर दुसऱ्यांदा खर्च करण्याची ताकद नसते. म्हणूनच आम्ही हा विषय सविस्तर घेत आहोत.

इथे आपण अभ्यास, ऑफिसचे काम, ऑनलाइन क्लास आणि थोडेफार डिझायनिंग यासाठीच्या डेस्कटॉपबद्दल बोलणार आहोत. मोठे गेम आणि जड व्हिडिओ एडिटिंग यांचा हिशेब वेगळा. पार्टचे भाव सतत बदलतात. त्यामुळे किमतीची यादी न देता निवड कशी करायची, ते सांगतो.

प्रोसेसर : नाव नको, नंबर वाचा

"आय-सेव्हन आहे, घेऊन टाका," असे दुकानात सर्रास ऐकायला मिळते. पण कोणता आय-सेव्हन? आय७-२६०० हा २०११ सालचा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. २०२२ मध्ये आलेला आय३-१२१०० हा नावाने लहान, पण वेगाने त्याच्या कितीतरी पुढे आहे. इंटेलच्या या नंबरांत शेवटचे तीन आकडे सोडले की जे उरते, ती पिढी. २६०० म्हणजे दुसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी.

दुसरी खूण नंबरानंतरच्या अक्षराची. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण स्क्रीनवर चित्र येण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावेच लागते. वाचवलेले पैसे तिथेच जातात. आपल्या कामाला साधा आय३-१२१००, किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी पुरेसा आहे. ५६००जीमध्ये ६ कोर आहेत आणि त्याचे आतले ग्राफिक्स इंटेलच्या या आय३पेक्षा चांगले आहे. दोन्हींना वेगळे कार्ड लागत नाही.

मदरबोर्ड आणि रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन जातींची रॅम एकमेकींच्या जागी बसत नाही. ५६००जीला डीडीआर४च लागते. आय३-१२१०० दोन्हींवर चालतो, पण बोर्ड मात्र कोणत्या तरी एकाच जातीचा असतो. बोर्ड घेताना हे विचारून घ्या.

आज ८ जीबीमध्ये काम भागते, १६ जीबी असेल तर निवांत चालते. आतले ग्राफिक्स याच रॅममधून जागा घेते. म्हणून एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या लावल्या तर वेग वाढतो. मात्र स्वस्त बोर्डवर बहुधा दोनच स्लॉट असतात. ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर पुढे वाढवायला जागा उरत नाही. पैसे कमी असतील तर आज ८ जीबीची एकच पट्टी घ्या, दुसरी नंतर लावा.

एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर

विंडोज हार्ड डिस्कवर टाकू नका. साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबी डेटा वाचते, हार्ड डिस्क जेमतेम १०० ते २००. कॉम्प्युटर 'स्लो' वाटण्याचे सर्वात मोठे कारण हेच असते. एनव्हीएमई एसएसडी आणखी वेगवान असते, पण रोजच्या कामात तो फरक फारसा जाणवत नाही. भावात थोडाच फरक असेल तरच ती घ्या.

सर्वात जास्त काटकसर होते ती एसएमपीएसवर, आणि नुकसानही तिथूनच सुरू होते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असते, पण छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. ग्राफिक्स कार्ड नसलेला असा पीसी एरवी १०० वॅटच्या आतबाहेरच वीज घेतो. त्यामुळे मोठा आकडा नको, चांगल्या कंपनीचा ४०० ते ४५० वॅटचा वॉरंटीवाला एसएमपीएस हवा. वीज ये-जा करते तिथे छोटा यूपीएस घ्या आणि घरातल्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

मॉनिटर फुल एचडी, आयपीएस, २२ ते २४ इंच. पीसी बदलला तरी मॉनिटर चालत राहतो आणि मुलांचे डोळे तासन्‌तास त्याच्यावरच असतात. तिथे चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

रिफर्बिश्ड घ्यावा का?

बजेट फारच कमी असेल तर हा उत्तम रस्ता आहे. ऑफिसांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर बाजारात मिळतात. फक्त एक अट पाळा : इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच मशीन घ्या. विंडोज १०ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या इंटेल मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. जुनीच मशीन घरात असेल तर फेकू नका. एसएसडी लावून लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस टाका. दोन्ही मोफत आहेत आणि मराठी, उर्दू टायपिंगही होते. या कंपनी मशीनचे एसएमपीएस आणि बोर्ड अनेकदा त्यांच्याच मापाचे असतात, बिघडले तर बाजारातला कोणताही बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

खरेदी कधी करावी?

दिवाळीआधीचे, २६ जानेवारीचे आणि १५ ऑगस्टचे ऑनलाइन सेल सर्वांना ठाऊक आहेत. पण पार्टचे भाव सेलपेक्षा जगातल्या टंचाईवर आणि डॉलरच्या दरावर जास्त हलतात. २०११ मध्ये थायलंडच्या पुरामुळे हार्ड डिस्क महागल्या. २०२१ मध्ये चिपची टंचाई आणि क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्ड हाताबाहेर गेली. २०२५च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशियल' ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले.

अशी टंचाई आठवड्या-दोन आठवड्यांत संपत नाही, कित्येक महिने चालते. त्यामुळे परीक्षा किंवा काम समोर असेल तर 'भाव उतरू दे' म्हणून थांबण्यात अर्थ नाही. जो पार्ट महागला आहे तो सध्या कमी घ्या, बाकीचे नीट घ्या. रॅम महाग असेल तर ८ जीबीवर सुरुवात करा, किंवा जुन्या पीसीतली चालू डीडीआर४ वापरता येईल असा बोर्ड निवडा.

सर्वात महत्त्वाची गोष्ट : पार्ट एक-एक करून महिनोन्‌महिने जमवू नका. सेलमध्ये बोर्ड घेतला, तीन महिन्यांनी प्रोसेसर घेतला आणि जोडल्यावर कळले की बोर्डच बंद आहे, तर काय कराल? तोवर बदलून देण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. मग सर्व्हिस सेंटरच्या चकरा. म्हणून तीन-चार आठवडे भाव लिहून ठेवा, पण प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस एकाच वेळी घ्या आणि लगेच जोडून तपासा. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस मात्र सेलमध्ये आधी घेतले तरी चालतील. मॉनिटर सेट-टॉप बॉक्स लावूनही तपासता येतो.

पैसे आणि बिल

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज नसते, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, असे बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी तर हे आधी वाचावे. दोन महिने बचत करून लहान मशीन रोखीने घेणे आम्हाला जास्त बरे वाटते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की गावातल्या दुकानात, तीन-चार ठिकाणी लेखी कोटेशन मागा. त्यात 'आय३, ८ जीबी, २५६ एसएसडी' एवढेच नको, प्रत्येक पार्टची कंपनी आणि मॉडेल हवे. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे का, ते विचारा. कच्च्या बिलावर थोडे पैसे वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी हात रिकामा राहतो. पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, बॉक्स जपून ठेवा आणि पीसी दुकानातच सुरू करून पाहा. स्क्रीनवर दिसणारा प्रोसेसर आणि बिलावरचा प्रोसेसर एकच आहे, याची खात्री झाली की मगच पैसे द्या.