थांबण्याची किंमत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरून हात वर झाला की सर खडू खाली ठेवीत आणि धडा पुन्हा मुळापासून सुरू करीत. साहजिकच अभ्यासक्रम मागे पडे. त्याबद्दल पालकांची बोलणी मुख्याध्यापक ऐकून घेत. सरांपर्यंत त्यांनी ती कधी पोहोचू दिली नाहीत, हे मला फार उशिरा कळले. पुढे मी कारखानदारीत गेलो. आज बोलणार आहे तेही कारखान्यांच्याच इतिहासातील एका प्रकरणाविषयी.

आपल्या भाषेत ‘लीन’ म्हणजे नम्र. इंग्रजीत त्याच उच्चाराचा शब्द सडपातळ, फाजील चरबी नसलेल्या शरीरासाठी आहे. जपानमधील टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला हे विशेषण जॉन क्रॅफ्सिक यांनी १९८८ च्या एका लेखात लावले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. आमच्या कारखान्यांत ही पद्धत आली ती तक्ते, जमिनीवरचे पिवळे पट्टे आणि घोषवाक्ये यांच्या रूपाने. तिचा उगम मात्र वरिष्ठांच्या वागणुकीत आहे.

साकिची टोयोडा (१८६७-१९३०) हे सुताराचे पुत्र. १९२४ साली सिद्ध झालेल्या त्यांच्या स्वयंचलित मागाचा विशेष असा की, धागा तुटताच माग आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेला माग बरा, हा त्यामागचा विचार. १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर साकिचींहून अवघ्या दोन वर्षांनी लहान. १९९७ मध्ये या दोन घराण्यांची नावे बंगळूरजवळच्या बिडदी येथील मोटार कारखान्यासाठी एकत्र आली, तेव्हा मला मोठा आनंद झाला होता.

साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी १९३७ मध्ये मोटार कंपनी स्थापिली. हवी ती वस्तू, हवी तेव्हा आणि हवी तेवढीच तयार व्हावी, ही कल्पना त्यांची. युद्धोत्तर मंदीत कंपनी बुडण्याच्या बेतास आली. कामगारकपात करणार नाही, असे आश्वासन किइचिरोंनी दिले होते. ते पाळता आले नाही. १९५० मध्ये संप पेटला, कपात झाली, आणि किइचिरोंनी स्वतः अध्यक्षपद सोडले. या प्रसंगाचे फार गोडवे गाऊ नयेत, असे मला वाटते; भाकरी गेली ती कामगारांची. तथापि वचन मोडल्याची किंमत धन्यानेही मोजली, हे त्या कारखान्यातले लोक विसरले नाहीत. १९५२ मध्ये, कंपनीत परतण्याच्या सुमारास, किइचिरो वारले.

या राखेतून पुढचे काम उभे राहिले. यंत्रशाळेचे प्रमुख ताइची ओनो यांनी एकेका कारागिराकडे एकाऐवजी अनेक यंत्रे सोपवली. साठ्याचे ढीग हटवले. पुढच्या विभागाने चिठ्ठी पाठवावी, मगच मागच्याने माल करावा, असा क्रम लावला. ही चिठ्ठी म्हणजेच ‘कानबान’. जुने कारागीर संतापले. एकच यंत्र जन्मभर सांभाळून हात बसलेल्या माणसाला हे मानहानीचे वाटले तर नवल नाही. शिवाय ओनोंचा स्वभाव तिखट. या पद्धतीला कित्येक वर्षे ‘ओनोंची पद्धत’ असेच म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

अशा वेळी एजी टोयोडा आणि शोइची साइतो या दोन वरिष्ठांनी काय केले? ओनोंविरुद्धच्या तक्रारी त्यांनी ऐकून घेतल्या आणि त्या ओनोंच्या कानी घातल्या नाहीत. ही आठवण पुढे ओनोंनीच सांगितली आहे. कानबान कंपनीभर लागू होण्यास १९६३ साल उजाडले. इतर कारखान्यांचे तिकडे लक्ष वळले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. इतकी वर्षे फळ दिसेपर्यंत वाट पाहणे ही काही सभेत ठराव करून होणारी गोष्ट नव्हे. या दोघांच्या मौनाइतके महत्त्व मी कानबानलाही देत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, त्याला कारण आहे. मी उत्पादनप्रमुख असताना आमच्या कारखान्यात प्रत्येक जागी लाल बटण बसवले गेले. दोष दिसताच कामगाराने ते दाबावे आणि लाइन थांबवावी, असे मीच व्यासपीठावरून सांगितले होते. पहिल्याच महिन्याच्या अखेरीस एका तरुण कामगाराने ते दाबले. त्या दिवशी माल रवाना व्हायचा होता. मी खाली उतरलो आणि विचारले, ‘कोणी थांबवली?’ प्रश्न साधा होता, आवाज साधा नव्हता. त्याने हातातला सुटा भाग पुढे केला. त्याला बारीक तडा होता. मी तो पाहिला आणि लाइन चालू करायला सांगितले.

त्यानंतर मी तिथे असेपर्यंत ते बटण कोणी दाबले नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना ते आवर्जून दाखवीत असू, आणि त्यासाठी ते रोज पुसलेही जाई.